पहिल्याने त्याचे राज्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“पहिल्याने त्याचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा, म्हणजे ह्या सर्व गोष्टीही तुम्हांला मिळतील”: बायबलमधले, येशूच्या तोंडचे मत्तय ६:३३ हे वचन बहुतेक ख्रिस्ती घरांत भिंतीवर असते. एकतीस डिसेंबरच्या रात्री वचनाच्या चिठ्ठ्या काढल्या की ते कुणाच्या ना कुणाच्या हाती येतेच. एक जानेवारीला मात्र घड्याळ, पगार आणि घरातली माणसे कालचीच असतात, आणि प्रश्न तिथून सुरू होतात. उपासनेनंतर पायरीवर, प्रार्थना सभेत आणि तरुण संघात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

हे वचन नेमके काय म्हणते?

ते डोंगरावरील प्रवचनात आहे. मत्तयाचे पाच, सहा आणि सात हे अध्याय, एकूण १११ वचने. मोठ्याने वाचायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात, आणि एकदा तरी ते सलग वाचावे. ६:३३ एकटे तोडून वाचले की ते मागणीपत्र वाटते. सलग वाचताना दिसते की आधी पृथ्वीवरच्या संपत्तीविषयी बोलणे झाले आहे, मग दोन धन्यांची चाकरी करता येत नाही असे सांगितले आहे, आणि पंचविसावे वचन “म्हणून” या शब्दाने सुरू होते. म्हणजे चिंतेचे मूळ येशूने ‘धनी कोण’ या प्रश्नात दाखवले आहे.

“झटा” हा मराठी शब्द चांगला निवडला आहे. मूळ ग्रीक क्रियापद चालू काळातली आज्ञा आहे: शोधत राहा, मागे लागून राहा. एकदा हात वर करून निर्णय घेतला आणि काम संपले, असे ते नाही. “मिळतील” यासाठी मूळ शब्दाचा अर्थ “वर घातल्या जातील” असा होतो. भाजीवाली जुडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते, तसे. जुडी सोडून नुसती वरची कोथिंबीर मागायला कुणी जात नाही.

“ह्या सर्व गोष्टी” कोणत्या, तेही आधीच्याच वचनांत आहे: खाणे, पिणे, पांघरणे. फ्लॅट, व्हिसा आणि बढती त्या यादीत नाहीत.

देवाचे राज्य म्हणजे स्वर्ग की मंडळी?

दोन्ही नाही. राज्य म्हणजे राजाची सत्ता, जिथे त्याचे म्हणणे चालते ती जागा. मत्तय बहुतेक ठिकाणी “स्वर्गाचे राज्य” म्हणतो, मार्क आणि लूक “देवाचे राज्य” म्हणतात. गोष्ट एकच आहे. मत्तय १९:२३-२४ मध्ये दोन्ही शब्द लागोपाठ आले आहेत. रोमकरांस १४:१७ मध्ये प्रेषित पौलाने त्याचा मजकूरच सांगून टाकला: नीतिमत्त्व, शांती आणि पवित्र आत्म्याच्या द्वारे मिळणारा आनंद.

मंडळी, म्हणजे चर्चमध्ये जमणारा विश्वासणाऱ्यांचा समुदाय, त्या राज्याची साक्ष देते, पण मंडळी म्हणजे राज्य नव्हे. हा भेद विसरला की काय होते, ते मंडळीच्या पंचांच्या निवडणुकीत दिसते. चार कमिट्यांवर असलेला माणूस आठवड्यातल्या पाच संध्याकाळी चर्चमध्ये असतो, सख्ख्या भावाशी दहा वर्षे बोलत नाही, आणि आपण राज्याला प्रथम स्थान दिले असे समजतो.

“त्याचे नीतिमत्त्व” हा भाग का गाळला जातो?

कारण तो महाग पडतो. राज्य हा शब्द मोठा आणि दूरचा वाटतो. नीतिमत्त्व थेट व्यवहारात हात घालते. त्याच प्रवचनात त्याची उदाहरणे आहेत: वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून या (५:२३-२४). दान करताना कर्णा वाजवू नका (६:२). पाटीवर देणगीदाराचे नाव कोरून घेताना हे वचन सहसा आठवत नाही.

आपल्याकडे याची सगळ्यात कडू परीक्षा जात आहे. प्रभुभोजनाला एकाच प्याल्यातून घेणारी माणसे मुलांची लग्ने ठरवताना पूर्वीची जात विचारतात. कधी उघड, कधी “मूळ गाव कुठले” अशा आडवळणाने. याकोब २:१-४ मध्ये अंगठीवाल्याला पुढची जागा देणाऱ्यांना जे विचारले आहे, की तुम्ही आपसांत भेदभाव केला ना, ते इथेही लागू होते. स्थळे पाहताना हा प्रश्न घरात मोठ्याने वर्ज्य करणे, ही ६:३३ पाळण्याची एक अगदी नेमकी पायरी आहे.

मग क्रम कसा लावायचा? देव, कुटुंब, नोकरी, मंडळी?

अशी उतरंड शिकवली जाते, पण ती टिकत नाही. एक नंबरला देव ठेवला आणि त्याचे काम सकाळी साडेसहाला आटोपले, की उरलेला दिवस दोन, तीन, चार नंबरांचा होतो.

गवंड्याचा ओळंबा घ्या. भिंतीतली पहिली वीट म्हणजे ओळंबा नव्हे. प्रत्येक वीट ज्याला लावून पाहतात तो ओळंबा. आमोस ७:७ मध्ये प्रभू हातात तोच धरून उभा आहे. कुटुंबाचा निर्णय असो, नोकरीचा असो की मंडळीच्या जागेचा, प्रत्येक ठिकाणी विचारायचे: इथे राजाचे म्हणणे काय आहे?

उतरंडीचा धोका येशूनेच दाखवला आहे. मार्क ७:९-१३ मध्ये “कुर्बान” म्हणून पैसा देवाला वाहिल्याचे सांगून आईबापांना उपाशी ठेवणाऱ्यांना त्याने ढोंगी म्हटले. आईच्या औषधाचे पैसे कापून दानपेटीत टाकणे म्हणजे राज्याला प्रथम स्थान देणे नव्हे.

रोज वेळ कसा काढायचा? सकाळी लोकल पकडायची असते.

वीस मिनिटांपासून सुरुवात करा: दहा मिनिटे वाचन, पाच मिनिटे शांत मनन, पाच मिनिटे प्रार्थना. एक तासाचा संकल्प साधारण दुसऱ्या आठवड्यात मोडतो आणि मग अपराधी वाटून सगळेच सुटते. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले तर बरोबर ५२ आठवडे लागतात आणि दोन दिवस राहून गेलेले भरायला मिळतात. संपूर्ण बायबलचे ११८९ अध्याय वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार वाचावे लागतात. पहिल्यांदाच वाचणारे या गतीने लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतात, म्हणून आधी नवा करार घ्या.

मोबाइलवर वाचत असाल तर आधी डेटा बंद करा. वाचन बिघडते ते झोपेमुळे कमी, वरून सरकत येणाऱ्या निरोपांमुळे जास्त. रात्रपाळी असेल तर “पहाट” हा शब्द मनावर घेऊ नका. जागे झाल्यावरची पहिली वीस मिनिटे ही तुमची पहाट.

कुटुंबाची प्रार्थना चार दिवस चालते आणि बंद पडते.

तीन कारणे नेहमीची. ती रात्री जेवणानंतर ठेवलेली असते, म्हणजे मुले पेंगतात. ती लांबते. आणि वडील प्रार्थनेतून मुलांना बोलून घेतात: “हे प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे.” मुलाला कळते की हे देवाशी नाही, आपल्याशी चालले आहे.

जेवणाआधी ठेवा, बारा-पंधरा मिनिटे: ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातल्या एका गीताची दोन कडवी, आठ-दहा वचने, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, शेवटी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना. वाचायची पाळी मुलांना द्या, अडखळले तरी. आठवड्यातून पाच दिवस झाले तरी चालले असे समजा.

प्रार्थनेत आपल्या गरजा मागायच्याच नाहीत का?

मागायच्या, पण क्रमाने. हे वचन ज्या अध्यायात आहे त्याच अध्यायात प्रभूची प्रार्थना आहे. तिच्यात नाव, राज्य आणि इच्छा या तीन मागण्या देवाच्या आहेत, मग भाकर येते, तीही आजच्यापुरती. आपल्या प्रार्थना सभांतली यादी पाहा: नोकरी, व्हिसा, गुडघेदुखी, दहावीचा निकाल. यात चूक काही नाही, पण “तुझे राज्य येवो” त्या यादीत कुठेच नसते. सोपा उपाय असा की पहिली पाच मिनिटे फक्त पहिल्या तीन मागण्यांना द्यायची: गावातल्या पाणीवाटपात न्याय व्हावा, अमुक घरातले भांडण मिटावे, सुवार्ता न पोहोचलेल्या वस्तीसाठी. भाकरीकडे त्यानंतर यायचे.

दशांश दिलाच पाहिजे का? किती, कशावर, कुठे?

जुन्या करारातला दशांश मुख्यतः शेतीच्या उत्पन्नाचा आणि जनावरांचा होता. तो लेव्यांच्या, म्हणजे उपासनास्थळाची सेवा करणाऱ्या वंशाच्या, उपजीविकेसाठी होता (गणना १८:२१). अनुवाद १४ प्रमाणे त्याचा काही भाग कुटुंबाने देवासमोर आनंदाने खायचा होता, आणि दर तिसऱ्या वर्षाचा दशांश लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायचा होता. हा शेवटचा भाग व्यासपीठावरून क्वचित ऐकू येतो.

नव्या करारात मंडळीला टक्का घालून दिलेला नाही. पौलाची पद्धत १ करिंथ १६:२ मध्ये आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे. आमच्या मते दशांश हे सुरुवातीचे चांगले माप आहे. त्याला पावती समजू नये आणि हप्ताही समजू नये.

हातात येणारा पगार ३२,००० रुपये धरू. दशांश ३,२०० होतो. मंडळीला २,०००, ओळखीतल्या गरजूंना ८००, आणि आपल्या मंडळीबाहेरच्या सेवेला, म्हणजे बायबल छपाईला, दवाखान्याला किंवा वसतिगृहाला ४००. हा आकडा एकदम झेपत नसेल तर तीन टक्क्यांनी, म्हणजे ९६० रुपयांनी, सुरुवात करून दर तीन महिन्यांनी एक टक्का वाढवा. सात वाढींत, म्हणजे एकवीस महिन्यांत, दहावर याल. मुख्य अट वेळेची: पगार जमा झाला त्याच दिवशी वेगळे काढायचे. महिनाअखेरी उरेल ते देऊ म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही, हे कुठल्याही गृहिणीला विचारा.

एकूण पगारावर की हातात येणाऱ्यावर, यावर वाद घालू नका. एक ठरवा आणि वर्षभर पाळा. शेतकऱ्याने बियाणे, खत, मजुरी वजा करून धरले तरी योग्यच. रोजंदारीवरच्या माणसाने महिन्याचा हिशोब न करता कामाच्या दिवशीच काढावे: ५०० मिळाले तर ५०, काम नसलेल्या दिवशी काही नाही. पैसाच नसेल तर धान्य आहे. मिझोराममध्ये १९१० पासून ख्रिस्ती बायका रोजच्या स्वयंपाकाच्या तांदळातून एक मूठ आधी बाजूला काढत आल्या, आणि त्या मुठीवर तिथल्या मंडळ्यांची मोठी सेवा उभी राहिली. आपल्याकडे कापणीच्या सणाला हेच वर्षातून एकदा होते.

डोक्यावर कर्ज आहे. आधी अर्पण की आधी हप्ता?

हप्ता चुकवून अर्पण देऊ नका. घेतलेले परत करणे हा नीतिमत्त्वाचाच भाग आहे. स्तोत्र ३७:२१ उसने घेऊन न फेडणाऱ्याला दुर्जन म्हणते. खासगी सावकाराचे किंवा क्रेडिट कार्डाचे देणे असेल तर ते आधी संपवा. कार्डाची थकबाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी फुगते. त्या काळात अर्पण लहान ठेवा, पण शून्यावर आणू नका. शंभर रुपये चालतील. सवय मोडली तर कर्ज फिटल्यावरही हात सैल होत नाही.

आणि नवे कर्ज कशासाठी घेताय ते पाहा. लग्नाच्या हॉलसाठी आणि पाचशे पानांसाठी काढलेले कर्ज पुढची पाच वर्षे त्या जोडप्याचे “पहिल्याने” ठरवून टाकते. पाने दोनशेवर आणा. नातेवाईक सहा महिने बोलतील, नंतर विसरतील.

“विश्वासाचे बीज पेरा, शंभरपट मिळेल” असे सांगणाऱ्याला पैसे पाठवावेत का?

नाही.

पुरावा म्हणून मंदिरात गरीब विधवेने टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे दोन लहान नाणी, दाखवल्या जातात (मार्क १२:४१-४४). ती रक्कम मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग होती. पण त्याआधी दोनच वचने, चाळिसाव्यात, येशूने विधवांची घरे गिळणाऱ्यांना शिक्षा सांगितली आहे. तिची गोष्ट सांगून दुसऱ्या विधवेकडून पैसे काढणारा माणूस त्या दोनपैकी कुठल्या वचनात बसतो, ते तुम्हीच ठरवा. देताना पावती मागा, वार्षिक हिशोब वाचून दाखवतात का ते पाहा, आणि कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पाठवू नका.

नवरा किंवा बायको या मार्गावर नाही. एकट्याने कसे करायचे?

त्यांच्या पैशांना हात न लावता. स्वतःच्या कमाईतून द्या. कमाई नसेल तर वेळ द्या. चोरून दिलेल्या अर्पणातून पुढे भांडण उगवते. सभा-उपासनांमुळे घरचे जेवण रोज उशिरा होत असेल तर एखादी सभा सोडा. १ पेत्र ३:१ मध्ये शब्दावाचून, वागणुकीने जिंकण्याविषयी सांगितले आहे.

दोघेही विश्वासात असले तरी विचारून करा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडून “देवाचा दरबार” हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभा केला. त्यांचे देणे अफाट होते, आणि त्या देण्याची ओढाताण स्वयंपाकघरात कोण सोसत होते, हे लक्ष्मीबाईंच्या आठवणी वाचलेल्यांना ठाऊक आहे. मोठ्या माणसाचे अनुकरण करताना हा अर्धा भागही बघावा.

ऑफिसात खोटे बिल लावायला सांगतात. नाही म्हटले तर नोकरी जाते.

लूक ३:१२-१४ मध्ये जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. नेमलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, जुलमाने पैसे काढू नका, आपल्या पगारात तृप्त राहा, एवढेच सांगितले. म्हणजे पहिली पायरी राजीनाम्याची नाही. आधी स्वतःची बिले स्वच्छ करा: प्रवासभत्ता, खोटे वैद्यकीय दाखले, कामावर नसताना लावलेली हजेरी. मग वरिष्ठांना शांतपणे, एकट्यात आणि शक्यतो लेखी विचारा: “हे बिल कशाचे दाखवू?” पुष्कळदा लेखी प्रश्नानेच विषय मिटतो. तरीही दबाव राहिला तर बदलीचा अर्ज द्या आणि बाहेर शोध सुरू करा. दरम्यान चार-सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी असेल तर नाही म्हणण्याची ताकद येते.

आधी घेतलेले परत कसे करायचे, असेही विचारतात. लेवीय ६:५ प्रमाणे मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केले. ज्याचे घेतले त्यालाच द्यायचे. तो सापडत असताना चर्चला देऊन मोकळे होता येत नाही.

रविवारी परीक्षा किंवा ड्यूटी येते.

स्पर्धा परीक्षा बहुतेक रविवारीच असतात. त्या द्याव्यात. नर्स, ड्रायव्हर, पोलीस, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी यांनी रविवारी काम केले म्हणून राज्य मागे पडत नाही. शब्बाथ मनुष्यासाठी झाला (मार्क २:२७). पण वर्षभर दर रविवारी लावलेला क्लास ही वेगळी गोष्ट आहे, ती बॅच बदलून मागा. उपासना चुकणार असेल तर त्याच आठवड्यातली दुसरी सभा आधीच ठरवून ठेवा. पाळक शहाणे असतील तर पाळीवाल्यांसाठी शनिवार संध्याकाळची उपासना सुरू करतील.

“चिंता करू नका” म्हणजे विमा, बचत, औषध काहीच नको?

पाखरे पेरत नाहीत, पण घरट्यात चोच उघडून बसतही नाहीत. लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेणारा माणूस आहे. नियोजनाला वेळेची मर्यादा असते. महिन्यातून एक संध्याकाळ वही घेऊन बसलात की झाले. चिंता तोच हिशोब रात्री तीन वाजता पुन्हा पुन्हा करते आणि त्यात एक आकडाही बदलत नाही.

झोप उडणे, भूक जाणे, रडू येत राहणे असे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर डॉक्टरकडे जा. त्याला अविश्वास म्हणणाऱ्या मंडळीतल्या वडिलांना नम्रपणे सांगा की आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटासाठी पौलानेही उपाय सुचवला होता (१ तीमथ्य ५:२३).

राज्याला प्रथम स्थान म्हणजे नोकरी सोडून पूर्णवेळ सेवा?

काहींसाठी. सगळ्यांसाठी नाही. केडगावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती हा निराधार स्त्रिया-मुलींचा आश्रम उभारला तेव्हा तिथे प्रार्थना होती, तशा विहिरी, शेती, विणकाम आणि छापखानाही होता. दुष्काळातून आलेल्या मुली तिथे हाताने कमवायला शिकल्या. मूळ हिब्रू-ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम रमाबाईंनी १९२२ मधल्या मृत्यूपर्यंत केले, आणि छपाईचे खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या बायकांचे होते. यातले सेवेचे काम कुठले आणि पोटाचे कुठले, हे वेगळे काढून दाखवता येणार नाही.

तरुण संघात हा विषय कसा घ्यावा?

चार बैठका, प्रत्येकी पाऊण तास. पहिलीत मत्तयाचे पाच, सहा आणि सात हे अध्याय आळीपाळीने मोठ्याने वाचायचे, चर्चा नाही. दुसरीत प्रत्येकाने मागच्या महिन्याचा यूपीआयचा इतिहास स्वतःपुरता उघडून खर्चाचे पाच गट कागदावर लिहायचे. कागद कुणाला दाखवायचा नाही, नाहीतर आकडे खोटे येतात. तिसरीत मत्तय ५:२३-२४ घेऊन प्रत्येकाने एक नाव लिहायचे, ज्याच्याशी बोलणे बंद आहे. ते नावही खिशातच. तिसरी आणि चौथी यांत तीन आठवड्यांचे अंतर ठेवा, कारण तो फोन करायला लोकांना तेवढा वेळ लागतो. चौथ्या बैठकीत पाहुणा वक्ता बोलावू नका, चहा ठेवा. ज्याला सांगावेसे वाटेल तो सांगेल.